पितृपक्षातला राऊटर

माणसाला माणसाचा चेहरा स्वच्छ दिसला, की मधलं सगळं अंतर नाहीसं होतं. हे मी पूर्ण गांभीर्याने सांगतो आहे. सगळ्या थोर लोकांनी हेच आपापल्या शब्दांत सांगून ठेवलं आहे. चेहरा स्वच्छ दिसायला घरात बरा राऊटर लागतो, हे मात्र त्यांतल्या एकानेही सांगितलं नाही. तो कसा निवडायचा, हे तर नाहीच नाही. तेवढं काम त्यांनी माझ्यावर सोडलं.

आम्ही सानपाड्याला राहतो. घरात मी, बायको आणि माझे वडील. बाबांना ऐकू येत नाही. पाहुण्यांना आम्ही ‘कमी येतं’ असं सांगतो. बाबा स्वतः ‘येत नाही’ असं सांगतात आणि तेच खरं आहे. कानातलं यंत्र आणून झालं. त्यातून त्यांना मिक्सर, कुकर आणि खालून जाणाऱ्या रिक्षा उत्तम ऐकू येतात, फक्त माणसं येत नाहीत. तेव्हा यंत्र कपाटात गेलं आणि बाबा ओठ वाचायला लागले. कुणी शिकवलं नाही. गरजेपोटी माणूस पोहायला शिकतो तसं ते शिकले.

आता सगळ्यांचेच ओठ वाचता येतात असं नाही. माझे ओठ त्यांच्या मते डॉक्टरच्या चिठ्ठीसारखे आहेत. बायकोचे बरे, पण ती महत्त्वाचं वाक्य नेमकं गॅसकडे तोंड करून बोलते. शेजारच्या काकांना मिशा आहेत, त्यामुळे ते बाद. आणि मिरजेच्या आत्याचे ओठ म्हणजे छापील पुस्तक. आत्या ही बाबांची थोरली बहीण. आयुष्यभर तिने पहिलीच्या वर्गाला शिकवलं. ‘म’ म्हणताना ओठ कसे मिटायचे, ‘व’ म्हणताना दात कुठे टेकवायचे, हे दाखवण्यात तिची नोकरी गेली. त्यामुळे ती आजही भाजीवालीशी बोलते तेव्हा शुद्धलेखन घातल्यासारखी बोलते. रोज संध्याकाळच्या चहानंतर दोघं व्हिडिओ कॉलवर बसतात. बाबा तिला आक्का म्हणतात. बाबांचं बाहेरच्या जगाशी एवढंच बोलणं उरलं आहे. बाकीचे लोक त्यांच्याशी बोलत नाहीत, हातवारे करतात.

भाद्रपदातल्या एका संध्याकाळी मी कामावरून जरा लवकर आलो. बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. समोर पोह्यांच्या डब्याला टेकवून टॅब उभा केला होता. बाबा मान हलवत होते. “हो… हो… बरोबर आहे तुझं,” असं मधूनमधून म्हणत होते. मी मागून जाऊन पाहिलं. पडद्यावर आत्या थिजली होती. तोंड अर्धं उघडं, एक डोळा मिटलेला, आणि नाकावर ते पांढरं चक्र गरगर फिरत होतं. ते बराच वेळ फिरत असावं, कारण चहाच्या कपावर साय धरली होती. बाबा मान हलवतच होते.

मी समोर जाऊन उभा राहिलो आणि सांगितलं, “बाबा, चित्र अडकलंय.”

“दिसतंय मला,” ते म्हणाले. “पण तिकडे मी तिला दिसत असेन तर? मान हलवली नाही तर तिला वाटायचं, याला आता काही कळत नाही.”

तेव्हा मला जो राग आला तो अजून पुरता गेलेला नाही. आज बसून हे लिहितो आहे ते काही मन शांत झालं म्हणून नव्हे.

त्यातच आत्याच्या दातांचं निघालं. मिरजेच्या दातांच्या डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, की उरलेले सगळे काढा आणि कवळी बसवून घ्या. आत्या तयार होती. फक्त पितृपक्ष लागला होता आणि पितृपक्षात नवीन वस्तू घ्यायची नाही, मग ती तोंडात घालायची असली तरी. डॉक्टरांनाही हे पटलं, कारण त्या पंधरवड्यात त्यांच्याकडे कुणीच नवे दात घ्यायला येत नाही. तेव्हा ठरलं असं, की अमावस्या झाली की दात काढायचे.

हे कळल्यापासून बाबा अस्वस्थ होते. विचारलं तेव्हा म्हणाले, “दात गेले की तिचं तोंड बदलणार. ओठ आत जाणार. मग कवळी येणार, ती कशी बसेल देव जाणे. मला ते तोंड पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागेल आणि या वयात मी काही शिकत नाही.”

“एवढं काय बोलायचंय तुम्हाला तिच्याशी?” मी विचारलं.

“काही नाही,” बाबा म्हणाले. “बोलायचंय.”

म्हणजे हातात होता तो पितृपक्ष. तेवढ्यात चित्र न अडकणारा एक राऊटर घरात यायला हवा होता. मोबाईलच्या नेटवर भागलं असतं असं कुणी सुचवू नये. आमच्या इमारतीत मोबाईलवर बोलण्यापुरती रेंज आहे, नेट येतं ते बाल्कनीच्या कठड्याबाहेर हात काढला तर, आणि हात बाहेर काढून बहिणीशी बोलावं असं बाबांचं वय नाही.

राऊटरच का, नेटवालाच का नाही बदलला, असंही कुणी विचारेल. आमच्या सोसायटीने ‘डिजिटल सोसायटी’ व्हायचं ठरवलं, तेव्हापासून इमारतीत एकाच माणसाची वायर येते. दुसऱ्याची आली तर गच्चीवरून लोंबते आणि शोभा जाते, असा ठराव आहे. त्या डिजिटलपणाचं उद्घाटन झालं होतं. तळमजल्याच्या ऑफिसात भिंतीवर एक खोकं लावून त्याला लाल फीत बांधली होती. आमच्या चेअरमनांनी ती कापली, मग स्वतःच्याच खांद्यावर शाल घालून घेतली आणि आता आपण जगाशी जोडले गेलो असं भाषण केलं. माइक मधूनच बंद पडत होता. जगाशी जोडले गेलेले आम्ही सगळे समोसा खाऊन घरी गेलो आणि त्या संध्याकाळी कुणाचंच नेट चाललं नाही, कारण फितीबरोबर काहीतरी आणखीही कापलं गेलं होतं.

वायर ज्याची आहे तो जवळच्या गावठाणातला. ही इमारत उभी आहे तिथे त्याच्या आजोबांचं भाताचं खाचर होतं, हे तो पहिल्या भेटीत सांगतो आणि तेव्हापासून आपल्याला भाडेकरू असल्यासारखं वाटायला लागतं. आता त्याच्या दोन इमारती आहेत आणि आख्ख्या सेक्टरची केबल. गळ्यात जाड चेन, पायात पांढरे बूट, स्वभावाने उमदा. त्याला बोलावलं. त्याने मोबाईलवर काहीतरी बघितलं आणि निदान केलं.

“लाइन फुल हाय, साहेब. तुमचा डबा म्हातारा झाला. आमचा घ्या, मी लावून देतो.”

त्याचाच जुना डबा म्हातारा झाला होता, तेव्हा त्याचाच नवा घ्यायला मी काही खुळा नव्हतो. मी वाचन करणारा माणूस. मी अभ्यास करून राऊटर घ्यायचं ठरवलं.

अभ्यास केला. इंटरनेटवर राऊटरबद्दल लोकांनी लिहून ठेवलेलं वाचायचं असेल तर आधी इंटरनेट चालावं लागतं, पण ते ऑफिसात चालतं. लोक कसं लिहितात म्हणावं? एकाने पाच तारे देऊन लिहिलं होतं, ‘पॅकिंग खूप छान, अजून उघडलं नाही.’ दुसऱ्याने एक तारा देऊन लिहिलं होतं, ‘डिलिव्हरीवाला उद्धट.’ तिसऱ्याचं म्हणणं, राऊटर भरवशाचा आहे, पण तापतो, आणि थंडीत मांजर त्यावर झोपतं. या साहित्यातून राऊटर निवडणं म्हणजे लग्नाच्या पत्रिकेवरून जेवणाची चव ओळखणं.

मग मी सीवूड्सच्या मॉलमधल्या टीव्ही-मोबाईलच्या दुकानात गेलो. बायको म्हणाली, “अहो, आत्याबाई या दिवसांत दात घेत नाहीत आणि तुम्ही राऊटर घेताय.” मी म्हटलं, ही खरेदी नाही, दुरुस्ती आहे. ती म्हणाली, “मग मोठी पिशवी कशाला घेतलीत?”

पितृपक्षामुळे दुकान ओस होतं. विकणारे सगळे एकदम माझ्याकडे वळले आणि त्यांतला एक जवळ आला. काळा टीशर्ट, कानात काहीतरी खोचलेलं.

“सर, गेमिंग की वर्क फ्रॉम होम?”

मी त्याला सांगितलं, माझे वडील ओठ वाचतात. एकदा नीट समजावून सांगितलं. चित्र एक क्षण जरी अडकलं तरी शब्द हरवतो, शब्द हरवला की वाक्य जातं. त्याने सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि विचार करून म्हणाला, “मग सर, गेमिंगवालाच घ्या.”

त्याने जो काढला तो राऊटर पाहून मला काही सुचेना. काळा, कोनदार, सहा शिंगं वर काढलेली, आणि खोक्यावर आग ओकणारा कसलासा प्राणी. घरात आल्यावर हे बहुतेक आधी आम्हालाच खाणार. मी खोक्यावरचा बारीक मजकूर वाचायला लागलो. मजकूर वाचणारं गिऱ्हाईक त्या दुकानात आधी आलं नसावं, कारण तो अस्वस्थ झाला. प्रत्येक मोठ्या आकड्याच्या आधी बारीक अक्षरात ‘पर्यंत’ होतं. इतक्या वेगापर्यंत. इतक्या खोल्यांपर्यंत. इतक्या उपकरणांपर्यंत. मी म्हटलं, अहो, या हिशेबाने मीही शंभर वर्षांपर्यंत जगेन, आणि उद्या मेलो तरी माझं विधान खोटं ठरणार नाही. तो म्हणाला, “सर, कंपनी ब्रँडेड आहे.” असा माणूस समोर असला की राग कुठे ठेवावा तेच कळत नाही.

दुसरे दाखवले तेही तसेच. कुणाला चार शिंगं, कुणाला आठ. एकाच्या पोटात निळा दिवा लागत होता. का, ते विकणाऱ्यालाही माहीत नव्हतं. भरवशाचा कोणता, हे मी तीनतीनदा विचारलं आणि दरवेळी मला वेगाचं उत्तर मिळालं. भरवसा हा शब्द त्या दुकानात कुणाच्या कानावर आलेला नव्हता. शेवटी वैतागून मी ते सहा शिंगांचं जनावरच घेतलं.

केबलवाला आला. बाहेरून आणलेला राऊटर बघून त्याचा चेहरा सासरहून न सांगता आलेल्या मुलीच्या बापासारखा झाला. तरी त्याने काम केलं. राऊटरच्या आत आपला युजर आयडी आणि पासवर्ड भरावा लागतो. तो भरला नाही तर डबा नुसते दिवे लावून बसतो, त्याला आपण कुणाच्या घरी आहोत हेच ठाऊक नसतं. ते त्याने भरलं आणि सांगितलं, घराच्या मधोमध आणि उंच ठेवा.

आमच्या घराच्या मधोमध, उंचावर, पॅसेजमध्ये देव आहेत. भिंतीला सागवानी देव्हारा, शेजारी फळी, फळीला विजेचा पॉइंट. देव्हाऱ्याच्या वर राऊटर ठेवायला बायकोने साफ नकार दिला. देवाच्या डोक्यावर शिंगं नकोत. तेव्हा तो शेजारच्या फळीवर बसला, समई आणि कापराच्या डबीच्या रांगेत. बाबांनी रीतीप्रमाणे त्याला हळदकुंकू लावलं. पितृपक्ष असला तरी घरी आलेल्याला तसंच ठेवायचं नसतं, असं त्यांचं म्हणणं.

त्या संध्याकाळी आत्या दिसली ती अशी, की तिच्या चष्म्यात मिरजेची खिडकी दिसत होती. बाबा तिच्याशी मनसोक्त बोलले. मध्येच खो खो हसले. मी आत जाऊन बायकोला म्हटलं, बघितलंस, अभ्यास करून घेतलेली वस्तू. ती कणीक मळत राहिली. तिला थांबायची सवय आहे.

दुसऱ्या दिवशी मी उठलो तेव्हा राऊटरचा दिवा लाल होता.

केबलवाला दुपारी येतो म्हणाला आणि दिवेलागणीनंतर आला. तोवर आत्याची वेळ टळली होती. त्याने बघितलं आणि म्हणाला, “सगळं पुसून गेलाय. कोरा झालाय.” आयडी नाही, पासवर्ड नाही, कारखान्यातून आला तसा. त्याने पुन्हा भरलं. सकाळी पुन्हा कोरा.

मी विचारलं, असं का होतं? त्याने फळीकडे, मग कॅलेंडरकडे पाहिलं. “पितृपक्षात घेतला ना, म्हनून.”

मी त्याला बरंच बोललो. नवी वस्तू पंचांग बघून चालत असेल तर तुझी वायर कुठल्या मुहूर्तावर टाकली होतीस, असंही विचारलं. त्याला राग आला नाही, याचा मला जास्त राग आला. तो म्हणाला, बाहेरचा डबा आहे, आपल्या लाइनशी त्याचं जमत नाही.

जनावर पिशवीत घालून मी पुन्हा सीवूड्सला गेलो. काळ्या टीशर्टवाल्याने व्होल्टेजला दोष दिला आणि याच्या वरचं मॉडेल दाखवलं. मी आवाज चढवला. दुकान ओस असल्यामुळे तो चांगला घुमला. विकायला लावलेल्या टीव्हींवरच्या नाचणाऱ्या बायाही क्षणभर थांबल्यासारख्या वाटल्या. मॅनेजर आला आणि त्याने तो राऊटर बदलून दुसऱ्या कंपनीचा दिला. पांढरा, गोल, सुस्वभावी, शिंगं नसलेला. तो केबलवाल्याने संध्याकाळी लावला, फळीवर बसवला, आणि सकाळी तोही कोरा झाला.

मग मी हरलो आणि म्हटलं, आण तुझाच डबा. तो विजयी मुद्रेने आला. स्वतःच्या हाताने लावला, वर हात ठेवून दोन शब्दही बोलला असावा. दुसऱ्या सकाळी मी त्याला फोन करून डबा कोरा झाल्याचं सांगितलं.

“ह्यो पन?” त्याने विचारलं.

“हा पण.”

“ह्यो तर आमचा हाय.”

तो आला, खाली बसला, कपाळाला हात लावला. सगळं पुन्हा भरलं. जाताना दाराशी थांबून घराकडे एकदा नीट बघून घेतलं आणि हलक्या आवाजात म्हणाला, “साहेब, घरातच काय तरी हाय.” जिन्यात चेअरमन भेटले. त्यांना हे आधीच कळलं होतं. आमच्या इमारतीत नेट सोडून सगळं वेगाने पसरतं. त्यांनी राऊटर आग्नेयेला हलवायचा सल्ला दिला आणि माझ्या खांद्यावर थोपटून सकारात्मक राहायला सांगितलं. सकारात्मक राहण्याचा सल्ला ज्याला दिला जातो त्याच्या मनात त्या वेळी काय काय येतं, ते लिहिलं तर छापणार नाहीत.

या सगळ्यात पितृपक्ष सरत चालला होता. संध्याकाळी बाबा चहा पिऊन टॅबसमोर बसत, काळा पडदा बघत, मग टॅब पालथा ठेवून देत. तक्रार एकदाही केली नाही. तिकडे आत्याचा बायकोला फोन आला, साधा, आवाजाचा. बरा आहे ना तो, असं विचारत होती. डॉक्टरांनी अमावस्येनंतरचा दिवस पक्का केला होता. बायकोने मला हे सांगितलं ते गॅसकडे तोंड करून, पण मला ऐकू येतं.

मी ठरवलं, की आता हा डबा कोरा होतो तो क्षण मी माझ्या डोळ्यांनी बघणार. रोज मी उठतो त्याच्या आधीच हे होऊन गेलेलं असायचं. त्या दिवशी लवकर उठलो, चहा घेतला आणि पॅसेजमध्ये भिंतीला टेकून उभा राहिलो. राऊटरचे दिवे हिरवे. मी त्याच्याकडे आणि तो माझ्याकडे बघत होता. बायको जाताना म्हणाली, “एवढं रोखून मला लग्नाआधीसुद्धा बघितलं नव्हतंत.”

बाबा आंघोळ करून आले. देव पुसले, गंध लावलं, फुलं वाहिली. उदबत्ती पेटवली, देवांना ओवाळली. मग ती ओवाळून झालेली उदबत्ती घेऊन राऊटरकडे वळले, त्याला जरा तिरका केला, आणि त्याच्या पाठीला जे बारीक गोल भोक असतं त्यात ती काडी घातली. ती हलू नये म्हणून चांगली दाबून बसवली आणि धरून ठेवली. त्यांचं काहीतरी पुटपुटून होईपर्यंत धरली.

राऊटरचे सगळे दिवे विझले. मग सगळे एकदम लागले. बाबांनी हात जोडले.

राऊटरचं सगळं पुसून टाकायचं बटण त्या भोकात असतं. लोकांच्या हातून चुकून दाबलं जाऊ नये म्हणून ते आत दडवलेलं असतं, टाचणी घालून दाबायचं. तीन कंपन्यांच्या तीन डब्यांना ते भोक होतं आणि तिन्ही वेळा ते उदबत्तीच्या काडीच्या मापाचं होतं.

बाबांवर ओरडायची सोय नाही. ओरडलेलं त्यांना ऐकू येत नाही, आणि ओरडणाऱ्याचे ओठ ताणले जातात ते वाचता येत नाहीत. तेव्हा मला त्यांच्या समोर उभं राहून, तोंड नीट उघडून, आत्यासारखं, एकेक शब्द सावकाश सांगावा लागला. ज्याला राग आला आहे त्याने एकेक शब्द सावकाश उच्चारून पाहावा. वाक्याच्या शेवटापर्यंत राग टिकत नाही, आणि मला तर तो टिकवायचा होता.

बाबांनी सगळं वाचलं. त्यांना पटलं नाही.

“मग भोक कशाला दिलंय?” ते म्हणाले.

मी म्हटलं, उदबत्तीसाठी नाही.

“घर होतं उदबत्तीचं, ते तुझ्या त्या शिंगवाल्याला जागा करताना तुम्ही उचलून कुठे ठेवलंत, सापडत नाही. आणि मला वाटलं, त्यासाठीच असेल. जळून गेली की काडी काढून टाकायचो. आणि लावली की सगळे दिवे एकदम लागायचे.” त्यांनी दिव्यांकडे बोट केलं. “मला वाटलं, पोचतंय.”

मी राऊटरबरोबर आलेली पुस्तिका शोधून काढली आणि वाचली. लहान मुलांपासून दूर ठेवा. पाण्यापासून दूर ठेवा. विजा चमकत असताना बंद करा. प्राण्यांनी चावू नये याची काळजी घ्या. कित्येक भाषांमध्ये हे सगळं छापलं होतं. उदबत्तीबद्दल एकाही भाषेत अवाक्षर नव्हतं. जगभर फिरून, माणसं काय काय मूर्खपणा करतील याचा विचार करून लिहिणारे हे लोक सानपाड्याच्या एकाही पॅसेजमध्ये सकाळी येऊन उभे राहिले नव्हते. देव शेजारी, फळी तीच, आणि पाठीला आयतं भोक. दुसरं काय होणार होतं?

बायकोने अर्धा बटाटा कापून आणला आणि त्यात उदबत्ती खोचून तो देवांसमोर ठेवला. अजिबात हलली नाही.

केबलवाल्याला फोन केला. कारण सांगितलं. तो हसेल अशी माझी अपेक्षा होती, आणि हसला असता तर मला त्याला चार शब्द सुनवायचेही होते. तो हसला नाही. त्याने आवाज खाली आणून विचारलं, “मागच्या भोकात?”

“हो.”

“आमच्या आयच्या घरचा पन रोज कोरा व्हतो, साहेब,” तो म्हणाला. “मी तिचे चार डबे बदलले.” आणि तो कधी नव्हे तो लगेच आला. युजर आयडी भरला, पासवर्ड भरला, आणि काळ्या चिकटपट्टीचा तुकडा त्या भोकावर स्वतःच्या अंगठ्याने दाबून लावला. बाबा शेजारी उभे राहून बघत होते. मग चहासुद्धा न घेता तो निघाला. त्याला आईकडे जायचं होतं.

दुसऱ्या सकाळी दिवे हिरवे होते. संध्याकाळीही. आणखी एक दिवस गेला आणि सर्वपित्री अमावस्या आली. आत्याचे दात तोंडात असलेली ती शेवटची संध्याकाळ.

बाबांनी दाढी केली होती. धुतलेला शर्ट घातला होता. चहा आधीच पिऊन घेतला, बोलताना मध्ये यायला नको म्हणून. पोह्यांच्या डब्याला टॅब टेकवला आणि ताठ बसले. मी दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिलो. इतक्या दिवसांची चीड डोक्यात होतीच, पण आज ती जरा बाजूला ठेवली होती. इतका खटाटोप झाल्यावर ही दोन म्हातारी माणसं एकमेकांशी पहिलं काय बोलतात, ते मला बघायचं होतं.

आत्या आली. केस विंचरलेले, नाकावर चष्मा, वरच्या ओठाखाली तिचे ते मोठे, किंचित पुढे आलेले दात. चित्र इतकं स्वच्छ होतं, की कपाळावरच्या कुंकवाचे कण मोजता आले असते. चक्र नाही, अडखळणं नाही. बाबा तिच्याकडे बघत राहिले. तीही बघत राहिली. मग ती पुढे वाकली, डोळे बारीक केले, आणि वर्गाच्या मागच्या बाकापर्यंत पोचेल अशा बेताने ओठ हलवून बोलली. माझ्यासारख्यालाही ते वाचता आलं.

“तुझ्या मागं भिंतीला ओल आलीय काय रं?”

बाबा मागे वळले. मीही पाहिलं. आली होती, चांगली परातीएवढी.